इंजिनाबाहेरचा आवाज

अकोटच्या सुखदेव मिस्त्रीला मी फसवलं. गेली दोन वर्षं मी हे उलटं सांगत आलो. त्यानं मला फसवलं, असं. बाजारात सांगितलं, बागांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सांगितलं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. माझा आवाज मोठा आहे आणि माणसं माझं ऐकतात, कारण सौद्यात मला कोणी गंडवू शकत नाही अशी माझी ख्याती आहे. म्हणून खरं काय ते सगळ्यात आधी लिहून टाकलं. मागाहून लिहायचं म्हटलं असतं तर मी काही ना काही सबब शोधली असती.

आंबिया बहाराची संत्री पुन्हा उतरू लागली आहेत. दिवाळीचे दिवे विझले की आमच्याकडे हा वास सुरू होतो. शेंदूरजनाघाटापासून थेट अकोटाच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत तोच वास. तोडीच्या बायका झाडाखाली बसून कात्रीनं देठ बारीक करतात, त्याचा टिचटिच आवाज सकाळभर चालतो. कॅरेटमध्ये गवत अंथरलेलं असतं, त्यावर दंव असतं, आणि हात घातला की बोटं बधिर होतात. शेजारच्या वावरात कपाशी फुटलेली. अकोटात शिरताना जिनिंग कारखान्याच्या बाजूच्या तारांवर कापसाचे पुंजके लोंबताना दिसतात. हा हंगाम मला नाकानं आठवायचा. दोन वर्षांपासून तो कानानं आठवतो.

ठक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक्.

माझी मोटरसायकल वीस वर्षांची आहे. घरी अमरावतीला पिकअप आहे, एक बऱ्यापैकी कारही आहे, पण बाग पाहायला मी मोटरसायकलनंच जातो. धुऱ्यावर चारचाकी उभी राहिलेली दिसली की बागवान भाव चढवतो. मळलेल्या टोपीचा, जुन्या गाडीचा माणूस आला की तो आधी पाणी देतो, मग हळूच विचारतो, काय देसान. या धंद्यात मी जे काही कमावलं ते असंच, आपलं झाकून आणि समोरच्याचं पाहून. बागेत गेलो की मी चांगल्या झाडाकडे बघतही नाही. सगळ्यात रोगट झाडाखाली जाऊन उभा राहतो आणि पानं उलटी करून पाहतो. माल हवा आहे हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, आपली अडचण सांगायची नाही, आणि माल नजरेआड होऊ द्यायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नाही.

किंवा शिकवलं, एका हातानं. अमरावतीच्या स्टँडवर मी टोपलीत संत्री घेऊन एसटीच्या खिडक्यांखाली फिरायचो, मिसरूड फुटायच्या आधीची गोष्ट. एका खिडकीतून हात आला, पिशवी घेतली, आणि गाडी सुटली. मी धावलो. तो हात बाहेरच होता. पिशवी आत ठेवून त्यानं मला टाटा केला. चेहरा मी पाहिलाच नाही. तेव्हापासून कोणाशीही बोलताना मी आधी त्याच्या हातांकडे पाहतो. कितीतरी भल्या माणसांना माझी ही नजर लागली असेल. सुखदेव त्यातला एक.

ठक् हा आवाज दोन वर्षांपूर्वीच्या आंबियात सुरू झाला. गाडी स्टँडवर लावून कितीही रेस करा, आवाज नाही. एकट्यानं चालवा, नाहीच म्हणावा इतका कमी. मागे कॅरेट लादून चढाला लागलो आणि मूठ पिळली की मात्र बुडाखालून ठक्. घनाचा एक घाव पडावा तसा. रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, मागं बसवून दस्तुरनगरकडे निघालो होतो, तर ती म्हणाली, "गाडी काहून कण्हून राहिली?"

"आवाज येते तिचा. दाखवतो मिस्त्रीले."

"गाडीचा जाईन हो. तुमचा कवा जाते ते पाहा."

हंगामात माझं जाणंयेणं अकोटलाच असतं, म्हणून मिस्त्रीही तिथलाच गाठायचं ठरवलं. त्याच्याकडे जायच्या आदल्या दिवशी मी एक काम केलं. गाडीच्या मागं कॅरेट ठेवायला लोखंडी कॅरिअर आहे, मीच बसवलेलं. ते काढून ठेवलं. गाडी धुतली. कॅरिअर दिसलं की मिस्त्री ओळखतो, हा व्यापारी, हंगाम चालू आहे, याला गाडीची घाई आहे. मग तो मजुरी वाढवतो. बागवानापुढं झाकतो तसं मी मिस्त्रीपुढं झाकलं. तो आपला बागवान नाही, आपल्या दुखण्यावर औषध देणारा आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. वैद्याकडं जाऊन पोट दुखतं म्हणायचं आणि काय खाल्लं ते लपवायचं, असा तो प्रकार.

सुखदेवचं दुकान म्हणजे जिनिंगच्या भिंतीला टेकून उभं केलेलं टिनाचं शेड. पन्नाशीचा वाळका माणूस, बोलायला सावकाश. भिंतीपलीकडून कापसाचे तंतू उडून यायचे आणि त्याच्या ग्रीसच्या हातांना चिकटायचे, त्यामुळं त्याच्या बोटांवर पांढरी लव उगवल्यासारखी दिसायची. त्यानं गाडी चालू केली आणि लांब पेचकस घेतला. टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि डोळे मिटले. मग जागा बदलली. पुन्हा डोळे मिटले. मग पेचकसाची मूठ माझ्याकडं केली.

"ऐका जी."

मी कान लावला. आत पाऊस पडतो आहे असं वाटलं, एकसारखा, बारीक, कुठंही खंड नसलेला. वीस वर्षं ज्या इंजिनावर बसून मी धंदा केला त्याचा आतला आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. पण खरं सांगायचं तर ऐकत नव्हतो. हा आता काय सांगेल आणि मी त्यावर काय म्हणायचं, याची जुळवाजुळव डोक्यात चालू होती.

"काही वजन नेता का याच्यावर?" त्यानं विचारलं.

"नाही. मी एकटाच. घर ते दुकान."

त्यानं सीटखालच्या नळीवरून अंगठा फिरवला. माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "इंजिन बरं आहे. मले हा आवाज इंजिनाबाहेरचा वाटून राहिला. गाडी ठेवून जा. उद्या पाहतो, चढावर चालवून."

"ठेवून जात नसतो मी. माह्यासमोर करा. टायमिंग चेन गेली तिची, समजते मले."

"चेन चालन अजून जी."

"तुमाले टाकायची आहे का नाही?"

गाडी ठेवून जा हे तीन शब्द मला चालत नाहीत. ठेवून गेलेल्या मालाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. सुखदेवनं खांदे उडवले आणि इंजिन खोललं. मी समोर उभा राहिलो, तोडीवर उभा राहतो तसाच. मध्येच एका बागेच्या सौद्याचा फोन आला, शेडमध्ये ऐकू येईना, म्हणून मी रस्त्यावर गेलो. दहा मिनिटं. परत आलो तर नवी चेन बसली होती, झाकण लागत होतं, जुनी चेन कागदावर काढून ठेवली होती. मी मजुरीवर घासाघीस केली आणि निघालो. जुनी चेन त्यानं माझ्या हातात दिली होती. ती मी पुढच्या वळणावर नालीत फेकली.

घरी येऊन कॅरिअर चढवलं. तिसऱ्या दिवशी कॅरेट लादून चढाला लागलो. ठक्.

त्या दिवशी मला जो राग आला तो मी आज नीट आठवून पाहतो. त्यात गाडी नव्हतीच. त्यात ती खिडकी होती आणि तो हात होता. माणसाचा राग जुना असतो, फक्त ज्याच्यावर निघतो तो माणूस नवा असतो.

बाजाराचा दिवस होता. दादाराव म्हणजे अकोटातले संत्र्याचे अडते. त्यांच्या गाळ्यासमोर चहाची टपरी आहे, आणि तिथं तोडीचे मुकादम, व्यापारी, गाडीवाले सगळे उभे असतात. दादारावांकडं डझनभर मोटरसायकली फिरतात. हंगामापुरतं त्या सगळ्यांचं काम सुखदेवला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलेलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी बोललो. सुखदेव तिथंच चहा पीत उभा होता.

"दादाराव, याच्या हाती गाड्या देऊन राहिले काय? मी दहा मिनिट फोनवर गेलो तं या माणसानं जुनीच चेन परत टाकली. नवीन खिशात."

सुखदेवनं कप खाली घेतला. "चेन नवीनच आहे जी. जुनी तुमाले देली होती. खोलून पाहा."

"खोलायची मजुरी अलग घेशीन."

लोक हसले. तो हशा मी कमावला होता आणि तो मला गोड लागला. तीन दिवसांपूर्वी त्याच्या दुकानात मी त्याला तुम्ही म्हणत होतो, टपरीवर तू म्हणालो, आणि तेही कोणाला खटकलं नाही. सुखदेवनं उरलेला चहा टपरीच्या कडेला ठेवला. आणखी काही बोलला नाही. बोलला नाही याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला: चोराला बोलायला तोंड नसतं.

दादारावांच्या गाड्या दुसरीकडं गेल्या. त्यांच्यामागून मुकादमांच्या गेल्या. पुढं फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची संत्री उतरेपर्यंत ते टिनाचं शेड बंद झालं होतं आणि सुखदेव अकोल्याला कोणाच्या तरी गॅरेजात कामाला लागल्याचं कानावर आलं. मी म्हणालो, बरं झालं. हे दोन शब्द मी म्हणालो आहे, साक्षीदार आहेत.

आवाज येतच राहिला, आणि मी तो दोन हंगाम वागवला. हेही सांगायला हवं. मी दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलो नाही. प्रत्येक ठक् बरोबर मला सुखदेवची आठवण व्हायची आणि माझी तक्रार ताजी राहायची. आता वाटतं, तो आवाज जाऊ नये असंच मला वाटत असावं.

पंधरा दिवसांपूर्वी तो आपोआप थांबला. अकोटाच्या वरच्या अंगाची एक बाग पाहून नमुन्याचे दोन कॅरेट घेऊन निघालो होतो. चढावर एक जोराचा दणका बसला, गाडी आडवीतिडवी थरथरली, मी कडेला घेतली. शेजारच्या वावरात बायका कापूस वेचत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय तुटलं हो भाऊ?" मी कॅरेट उतरवले, कॅरिअर सोडलं, खाली वाकून पाहिलं.

इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा मागचा लांब बोल्ट तुटला होता. तुटका तुकडा मी हातात घेतला आणि तो ओळखला. त्याला ट्रॅक्टरच्या निळ्या रंगाचा डाग होता. कॅरिअर बसवताना त्याचा एक पाय त्याच बोल्टात अडकवावा लागत होता, आणि मूळ बोल्ट काढताना मी त्याचे आटे खराब केले होते. नवा घ्यायच्या ऐवजी अकोल्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या लोखंडात हा सापडला. आखूड होता. नटाला जेमतेम दोन आटे मिळत होते. मी तेव्हा स्वतःशी म्हणालो होतो, चालते. वऱ्हाडात या शब्दावर किती बांधलेलं उभं आहे आणि किती पडलेलं आहे याचा हिशेब कोणी करू नये. वजन पडलं आणि मूठ पिळली की इंजिन उचललं जायचं आणि फ्रेमवर आदळायचं. इंजिनाबाहेरचा आवाज. सुखदेवनं डोळे मिटून सांगितलं होतं तसाच.

इथवरचं कोणीही सांगू शकलं असतं. पुढचं सांगताना मला माझ्या तोंडाकडं बघवत नाही. गाडी अमरावतीला आणली, नवा बोल्ट टाकून घेतला, आवाज गेला. आणि तरी मी त्या मिस्त्रीला म्हणालो, टायमिंग चेन उघडून दाखव. कारण मनातून मला वाटत होतं की ती जुनी निघावी. बोल्ट माझा असेल, पण चेनेत तरी त्यानं मला फसवलेलं असावं. अर्धा तरी मी खरा ठरावा. मी तिथं स्टुलावर बसून एका भल्या माणसानं चोर निघावं म्हणून वाट पाहत होतो.

"नवीन आहे हे," मिस्त्री म्हणाला. "फारतर दोन वर्षांची. बसवली बी चांगली आहे. कोणाची बसवलेली आहे?"

मी नाव सांगितलं नाही.

आता गाडी चालते तेव्हा फक्त तो बारीक पाऊस ऐकू येतो. मला वाटलं होतं, आवाज गेला की बरं वाटेल. चढावर मूठ पिळताना अजूनही माझं अंग आवळतं. ठक् होत नाही. त्या रिकाम्या जागेत टपरीवरचा हशा ऐकू येतो. रेखाला सगळं सांगितलं. ती संत्रं सोलत होती. तिनं सोलणं थांबवलं नाही.

"मंग सांगा जाऊन त्याले."

"काय सांगू?"

"मोठ्यानं बोलता येते ना तुमाले. तसंच सांगा."

अकोल्याला रेल्वे पुलाच्या पलीकडं एका गॅरेजात सुखदेव सापडला. मालक त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल, त्याला नुसतं सुखदेव म्हणून हाक मारत होता. इथं कापूस उडत नाही, त्यामुळं त्याचे हात नुसते काळे होते. मला पाहून तो उठून उभा राहिला, आणि त्याच्या उठण्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बोल्टाचा तुकडा त्याच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं, कॅरिअर काढून ठेवल्यापासून. त्यानं तुकडा उलटासुलटा करून पाहिला.

"कॅरिअर होतं हे मले त्याच दिवशी समजलं होतं," तो म्हणाला. "सीटखाली दोन्हीकडं सारखा रंग घासला होता."

"मंग तोंडावर काहून नाही म्हणलं, खोटं बोलून राहिले म्हणून?"

"दुकानात आलेल्या माणसाले कसं म्हणाव? म्हणलं, असन त्याचं काही. म्हणून तं गाडी ठेवून जा म्हणलं. तुमी गेले की दोन पोते लादून पाहिली असती. बोल्ट तिथंच सापडला असता."

"अन् टपरीवर? तिथं तरी बोलायचं."

"बोललो ना जी. खोलून पाहा म्हणलं. तुमी हसले."

"लोक हसले."

"तुमीबी."

मी त्याला विचारलं, काय करू सांगा. सवयीनं मी आकड्याची वाट पाहत होतो, कारण आकडा आला की त्याच्यापुढं काय करायचं ते मला येतं. तो पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला.

"मले काही नको. माही पोरगी अकोटातच देली आहे, बाजाराच्या मांगं. नळावर गेली की बाया म्हणतात, पार्ट खाणाऱ्याची पोरगी. सासरे बी एकदोनदा बोलले. तिथं सांगा. जिथं बोलले तिथंच सांगा."

त्याला मुलगी आहे हेही मला माहीत नव्हतं. शब्द टपरीवरून निघून नळापर्यंत, नळावरून एका घराच्या चुलीपर्यंत गेला होता, आणि मी समजत होतो की तो दोन वर्षांपूर्वीच संपला.

परवा बाजाराच्या दिवशी मी त्याच टपरीवर उभा राहिलो. तोच हंगाम, तीच माणसं, गाळ्यात तोच वास. मी मोठ्यानं सांगितलं. चेन नवीन होती. बोल्ट माझा होता. मी खोटं बोललो होतो.

कोणी हसलं नाही. कोणी रागावलंही नाही. एक मुकादम म्हणाला, "जाऊ द्या ना शेठ, जुनी गोष्ट आहे." दुसरा म्हणाला, "काही असल्याबिगर तुमी उगाच बोलणार नाही. तुमची पारख माहीत आहे आमाले." आणि दादाराव, हा कागद तुमच्याच हातात देणार आहे म्हणून आता सरळ तुम्हालाच लिहितो, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलंत, "सुखदेवनं काही देलं का तुमाले?"

मला राग आला. नेहमीसारखाच, पायापासून डोक्यापर्यंत. पण तो कोणावर काढायचा? मी इतकी वर्षं या बाजाराला जे शिकवलं तेच तुम्ही बोललात. माणूस काही मिळाल्याशिवाय चांगलं बोलत नाही, आणि वाईट बोलतो तेव्हा ते फुकटात खरं असतं. माझा खोटा शब्द तुम्ही न पारखता उचललात. खऱ्याला मात्र तुम्ही झाडाखाली उभे राहून पानं उलटी करून पाहता आहात.

माझं उत्तर मी दिलं आहे. मी लपवलं, मी खोटं बोललो, मी हसलो. ते दुसऱ्या कोणाच्या माथी मी मारत नाही. पण तुमचंही उत्तर बाकी आहे, दादाराव. बारा गाड्या काढून घेण्याआधी तुम्ही त्या माणसाला एकदा तरी बाजूला बोलावून विचारलंत का? माझी गाडी तुमच्या गाळ्यासमोर उभी होती. पाना तुमच्याकडं होता. माणसं तुमच्याकडं होती. का नाही पाहिलं?

सुखदेवच्या मुलीचं घर तुमच्या गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. येत्या रविवारी सकाळी मी तिच्या दारात जाणार आहे. तिच्यासमोर आणि तिच्या सासऱ्यांसमोर काय बोलायचं ते मला माहीत आहे. तुम्ही सोबत या. तुम्ही काय बोलणार ते मला नका सांगू, तिथं येऊन तिला सांगा.